वाक्य सरांचं, अर्ज हिरामणचा

मी कॉलेजात एक दिवसही शिकले नाही. मॅट्रिक झाले, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, लग्न झालं आणि बर्डीवर, नागपूरच्या बाजारपेठेत, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर दोन मशिनं टाकून बसले. तरीही 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' हे शब्द माझ्याइतक्या वेळा साऱ्या नागपुरात कोणी लिहिले नसतील. विद्यार्थी तीन-चार वर्षं आज्ञाधारक असतो, मी वीस वर्षं होते.

बाहेरच्यांना वाटतं, टायपिस्टचं काम बोटांचं. बोटं लागतातच. माझ्याकडे एक मशीन इंग्रजी होतं, एक मराठी. मराठी मशीनवर अर्ध्या अक्षराला वेगळी किल्ली, रफाराला वेगळी, आणि 'ज्ञ' तर असा कोपऱ्यात बसलेला की ज्ञानेश्वर नावाचा मुलगा आला की माझ्या कपाळावर आठी पडायची. प्राध्यापकांचे प्रबंध टाइप करायचे तर वर एक कागद आणि खाली तीन कार्बन. एक अक्षर चुकलं की चार कागदांवर चार वेळा रबर घासायचं, आणि त्यात कागद फाटला की सगळं पान पहिल्यापासून.

पण हे झालं मशीनचं. माझं खरं दुकान चालायचं ते अर्जांवर. हजेरी कमी पडली, टर्म मिळत नाही, परीक्षेला बसू देत नाहीत, सरांशी बोलाचाली झाली, फीची सवलत हवी, अशा एकेक अडचणी घेऊन मुलं जिना चढून यायची. कॉलेजचा नियम असा की अर्ज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अक्षरात हवा. म्हणून मी मजकूर रचून टाइप करून द्यायची, मुलगा तिथेच बाकावर बसून तो आपल्या हाताने उतरवून काढायचा, आणि माझा कागद मला परत द्यायचा. तो मी त्याच्यासमोर फाडायची. अर्ज कोणी रचला हे मुलाने कुठे बोलायचं नाही आणि मीही नाही. हा आमचा अलिखित करार होता, आणि तो कोणी मोडल्याचं मला आठवत नाही.

मुलांना माझी गरज काय होती, ते सांगते. आमच्याकडची मुलं आपसात बोलायला वस्ताद. कँटीनमध्ये त्यांचं ऐकत बसावं. पण तोच मुलगा प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी गेला की घरची बोली चपलेसारखी बाहेर काढून ठेवायचा, आणि आत गेल्यावर त्याच्याजवळ बोलायला काही उरायचंच नाही. "सर... ते... टर्म..." एवढं म्हणून तो परत यायचा. तिकडे सरांची भाषा अशी की नुसती ऐकून मुलाला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. म्हणून मुलगा माझ्यासमोर येऊन म्हणायचा, "बाई, सर मले टर्म देऊन नाही राहिले. काहून नाही देत, ते लिवून इचारा ना त्याइले." मी लिहायची, 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करतो की...' तेवढ्याने मुलाची मान थोडी वर व्हायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक विद्यार्थी नेता होता. नाव सांगत नाही, तो आता नातवंडांना शाळेत सोडायला जातो. प्राचार्यांच्या विरोधात निवेदन करायचं म्हणून तणतणत आला. मी विचारलं, "निषेध कसा हवा? साधा, तीव्र, की जाहीर?"

तो म्हणाला, "बाई, सगळ्यात मोठा कोणता असते, तो लावा."

मी 'तीव्र जाहीर निषेध' लावून दिला. दोन दिवसांनी तोच जिन्यात उभा. आवाज बराच खाली आलेला. "बाई, आता दिलगिरी पाहिजे. पण जरा लहान लावा, पोरं वाचतात."

इंग्रजीचे एक प्राध्यापक आलेला प्रत्येक अर्ज लाल शाईने तपासायचे. मी केलेल्या एका अर्जातल्या तीन चुका दाखवून त्यांनी तो परत पाठवला आणि कोपऱ्यात दहापैकी सात गुण दिले. मुलगा माझ्याकडे कागद घेऊन आला आणि फार सहानुभूतीने म्हणाला, "बाई, तुमाले सात पडले." खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. कॉलेजात न जाता फर्स्ट क्लास मिळाला.

आता माझ्या धंद्यातलं गुपित. ज्या प्राध्यापकांना अर्ज जायचे, त्यांचेच लेख, भाषणं आणि पुस्तकं मी टाइप करत होते. कोणाला कोणता शब्द प्रिय आहे हे त्यांच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. एकाला 'साकल्याने' आवडायचं, एक प्रत्येक परिच्छेद 'वस्तुतः' ने सुरू करायचे, एकांना 'संस्कार' आल्याशिवाय पान संपवता येत नसे. मी एक वही केली होती. वर प्राध्यापकांचं नाव, खाली त्यांचे शब्द. अर्ज रचताना वही उघडायची आणि ज्यांना जायचा त्यांचे दोन-तीन शब्द आत पेरायचे. माणसाला आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले की त्या दुसऱ्याला अक्कल आहे असं वाटतं. विद्वान माणसाला तर जास्तच वाटतं. माझे दहातले आठ अर्ज मंजूर व्हायचे आणि मला त्याचा गर्व होता.

त्या गर्वापायीच हिरामण नावाच्या एका मुलाचं वर्ष जायची वेळ आली.

राज्यशास्त्राचे खानझोडे सर सत्ता आणि संमती या विषयावर पुस्तक लिहीत होते. पायजम्याला इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. ते एकेक प्रकरण हाताने लिहून विभागातल्या कपाटात ठेवायचे, पुरं झालं की माझ्याकडे आणायचे. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांनी शाईतून चालत जावं तसं, पण मला ते लागायचं. एका प्रकरणात वाक्य आलं: 'अधिकार हा बोलणाऱ्याच्या मुखात नव्हे, ऐकणाऱ्याच्या संमतीत वास करतो.' मी मशीन थांबवलं आणि ते परत वाचलं. मला ते फार आवडलं. एवढी वर्षं मी ज्या कामात होते, ते कोणीतरी एका ओळीत सांगितलं असं वाटलं. मी ते वहीत उतरवून घेतलं, सरांच्या नावाखाली.

पंधरा-वीस दिवसांनी हिरामण रामटेके आला. बी.ए. फायनलचा, सक्करदऱ्यात राहणारा, उंच, कमी बोलणारा. सकाळचे तास बुडाल्यामुळे खानझोडे सरांच्या विषयात हजेरी कमी पडली होती. सर टर्म देत नव्हते. टर्म नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं. घरातला कॉलेजात गेलेला तो पहिलाच.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"कौटुंबिक लिवा."

"अरे, कौटुंबिक म्हणजे काय झालं?"

"कौटुंबिक म्हणजे कौटुंबिक, बाई."

दिलेलं कारण लंगडं होतं, तेव्हा भाषा भक्कम हवी. मी वही उघडली. नुसते शब्द पेरून काम भागणार नाही असं वाटलं आणि मी ते अख्खं वाक्यच उचललं. 'अधिकार हा बोलणाऱ्याच्या मुखात नव्हे, ऐकणाऱ्याच्या संमतीत वास करतो. आपल्या अधिकारास माझी संपूर्ण संमती असून, त्याचा वापर माझ्या टर्मच्या बाबतीत सहानुभूतीने व्हावा, ही नम्र विनंती.' लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा वाचलं. सर वाचून खुर्चीतून उठतील अशी माझी खात्री होती.

सर उठले. पण ते चोर पकडायला.

हे मला दुसऱ्या दिवशी हिरामणकडून कळलं. तो जिना चढून आला आणि बाकावर बसला. "बाई, ते वाक्य कोनाचं होतं?"

मी विचारलं, "काहून?"

"सरनं मले बोलावलं. म्हणे, हे वाक्य कुठून आणलं? मी म्हटलं, माहं हाय. सर म्हणे, तुहं कसं असन, हे माह्या पुस्तकातलं हाय अन पुस्तक अजून छापलं नाही. मंग म्हणे, मागच्या महिन्यात मी तुले कपाटातून हजेरीपट आणाले पाठवलं होतं, तवा तू माही पानं काढली. उद्या प्राचार्याकडे लेखी तक्रार देतो म्हणे."

"आणि तू काय सांगितलंस?"

"काय सांगन? तुमचं नाव तं घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, माहंच हाय."

टर्म गेलीच होती, आता चोरीचा आळ. अशा आळावर त्या काळी मुलाला कॉलेजातून काढून टाकत. आणि हा पोरगा आमच्या कराराला धरून बसला होता. मला त्याचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते वेगळंच. मी जाऊन कबूल केलं तर उद्यापासून एकही प्राध्यापक माझ्याकडे कागद आणणार नाही. माझ्याकडचं निम्म्याहून जास्त काम त्यांचं होतं. सुमारे अर्धा तास मी एका प्रबंधाची पानं टाइप करत राहिले आणि एका ओळीत दोन-दोन चुका केल्या. हिरामण बाकावर तसाच बसून होता. शेवटी मशीनवर कव्हर घातलं आणि त्याला म्हटलं, "चल."

विभागाच्या खोलीत सर एकटेच होते. हिरामणला दाराबाहेर उभं केलं आणि मी आत गेले. प्राध्यापकाच्या खोलीत उभं राहण्याची माझी पहिलीच वेळ. त्यांच्याशी माझ्या माडीवर रोज बोलणारी मी, पण तिथे माझंही आधी "सर... ते..." एवढंच झालं. इतकी वर्षं ज्यांचे अर्ज लिहिले त्या मुलांना काय होत असेल ते मला त्या दिवशी समजलं.

"सर, त्या मुलाने काही चोरलं नाही. अर्ज मी लिहून दिला. वाक्य मी उचललं."

सरांनी चष्मा काढला. "तुम्ही अर्ज लिहिता?"

"हो."

"माझ्याकडे येणारे सगळे?"

"सगळे नाही, सर. इंग्रजीतले काही धंतोलीच्या टायपिस्टकडून येतात."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "गेल्या वर्षी एका मुलीचा आला होता. हुडकेश्वरहून येणारी. बस चुकते म्हणून शेवटचा तास सोडण्याची परवानगी. त्यात 'व्यक्ती आणि व्यवस्था यांतील अंतर' असं काहीतरी होतं."

"माझाच, सर."

"मी तो घरी वाचून दाखवला होता," सर म्हणाले. मग त्यांना राग आठवला. "बाई, मी माझी पानं विश्वासाने तुमच्याकडे देत होतो. यापुढे दुसरीकडे देईन."

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी फक्त म्हटलं, "द्या, सर. पण मुलाचं वर्ष जाऊ देऊ नका."

त्यांनी हिरामणला आत बोलावलं. "चोरी केली नाहीस, हे कळलं. पण सही तुझी आहे. ज्याच्याखाली सही केलीस, त्याचा अर्थ तरी सांग. सांगितलास तर बघू."

मला वाटलं, संपलं. तोंडी परीक्षेत भलेभले गडबडतात, आणि हा तर चार शब्दांचा धनी. हिरामण हात मागे बांधून उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण त्याला देण्यासारखा कागद माझ्याकडे नव्हता.

"सर, मराठीत सांगू का आमच्या?"

"सांग."

"मी सकाळी रिक्षा चालवतो. बाबाचा पाय मोडला, तवापासून. ठेसनावर गाड्या येतात, म्हून सकाळचा तास बुडते. आता मागची सवारी म्हणते, डावीकडे घे. हँडल माह्या हातात हाय. मी वळवलं, तं तो त्याचा हुकूम झाला. नाही वळवलं, तं नुसता आवाज झाला."

सरांनी मान पुढे केली. हिरामणला वाटलं, अजून पुरं झालं नाही.

"अन पुलाचा चढ लागला का सवारी आपली आपण खाली उतरते. मी तोंड बी उघडत नाही. तिथं हुकूम माहा असते."

सरांनी टेबलावरचा कागद ओढला आणि दोन ओळी खरडल्या. मग विचारलं, "रिक्षाचं अर्जात का नाही लिहिलं? ते कारण मी मान्य केलं असतं."

"तुमी कधी कधी ठेसनावरून येता, सर. कळलं असतं तं माह्या रिक्षात बसाले तुमाले लाज वाटली असती. माही एक सवारी गेली असती."

सर हसले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी अर्ज काढला, कोपऱ्यात सही केली आणि हिरामणच्या हातात दिला. कॉलेजचा जिना उतरताना मी हिरामणला म्हटलं, "मला आधीच का नाही सांगितलंस? हेच लिहून दिलं असतं." तो म्हणाला, "तुमी लिवलं असतं, बाई, पण असं नसतं लिवलं." हे मला लागलं, कारण ते खरं होतं. मी त्याची रिक्षा 'कौटुंबिक चरितार्थाचे साधन' करून टाकली असती. इतक्या मुलांचं बोलणं मी सविनय निवेदनात बदलून दिलं, त्यांतल्या कितींकडे असं काही सांगण्यासारखं होतं कोण जाणे. आता ते शोधायला मार्ग नाही.

ती वही मी बंद केली. फाडली नाही, एवढा काही वैराग्याचा झटका आला नव्हता. पण त्यानंतर कोणी अर्जाला आलं की आधी म्हणायची, "बस, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग," आणि त्यातली एखादी ओळ तरी तशीच ठेवायची. मंजूर होण्याचं प्रमाण घटलं नाही, हेही सांगून ठेवते.

हिरामण परीक्षेला बसला आणि सेकंड क्लासमध्ये पास झाला. खानझोडे सरांनी शब्द पाळला आणि पानं दुसऱ्या टायपिस्टकडे दिली. दोन महिन्यांनी ते जिना चढून आले. त्या टायपिस्टला त्यांचं अक्षर लागत नव्हतं. त्याने 'सार्वभौम' चं सगळीकडे 'सार्वजनिक' केलं होतं. सर पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवत म्हणाले, "बाई, उचलू नका म्हणजे झालं." मी मान डोलावली.

तिसऱ्या प्रकरणात माझी बोटं थांबली. 'एका सायकलरिक्षाचालकाचे उदाहरण घेऊ. प्रवासी त्यास डावीकडे वळण्याची आज्ञा देतो. तथापि सुकाणू चालकाच्या हाती असल्याने, त्याने ती आज्ञा अव्हेरल्यास ती केवळ ध्वनी ठरते.' पुढे पुलाचा चढही होता. सगळं होतं, फक्त हिरामण नव्हता.

मला माझी जागा माहीत होती. आदल्याच आठवड्यात मला माफी मिळाली होती, आणि मी टाइप करणारी बाई. तरी संध्याकाळी सर आले तेव्हा ते पान मी वेगळं काढून ठेवलं होतं.

"सर, इथे नाव राहिलं."

त्यांनी पान पाहिलं. "उदाहरण कोणाच्या मालकीचं नसतं, बाई."

"वाक्य असतं का, सर?"

त्यांनी पान परत एकदा वाचलं. मग सरांनी खिशातलं पेन काढलं, उदाहरणाच्या शेवटी एक फुली केली आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं: 'हे उदाहरण माझे विद्यार्थी श्री. हिरामण रामटेके यांचे.' पेनाला टोपण लावून ते म्हणाले, "यापेक्षा तुमच्या हातचा अर्ज परवडला." आणि जिना उतरून गेले. माझ्या मनात त्यांच्याबद्दल तेव्हा जो आदर आला, तो नंतर कधी कमी झाला नाही. सहज 'नाही' म्हणू शकत होते.

पुस्तक छापून आलं त्याची एक प्रत सरांनी मला दिली. तोवर हिरामण एका सरकारी कार्यालयात कारकून झाला होता आणि संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला जात होता. बर्डीवर दिसला तेव्हा मी त्याला वर बोलावलं आणि पान उघडून पुढे धरलं. त्याने आपलं उदाहरण वाचलं, ओळखलं, थोडा हसला. "सरनं लई अवघड करून टाकलं, बाई." मग मी बोटाने खालची ओळ दाखवली. ती त्याने वाचली. परत वाचली. नावावरून अंगठा फिरवला. त्याला फार आनंद झाला असावा, डोळ्यांत दिसत होतं. पण पुस्तक मिटण्याआधी त्याने पानावर वरपासून खालपर्यंत एकदा नजर टाकली आणि मला विचारलं,

"बाई, नाव खाली काहून टाकलं? वर जागा नव्हती का?"

जागा होती. ते पान मीच टाइप केलं होतं.